वाचनपेटी प्रकल्प : टॅब क्रमांक १७ च्या नोंदी

बुधवार, १८ जून २०२५

शाळा सोमवारी उघडल्या. आज ऑफिसात २४ टॅब टेबलावर मांडून मोजले. १४ सिमचे, १० फक्त वायफायचे. अकोले तालुक्यातल्या सहा शाळांना प्रत्येकी चार जाणार. झाकणाच्या पेटीतून जातात म्हणून मुलं त्यांना वाचनपेटीच म्हणतात.

नोंदवहीत प्रत्येकाचा सिरियल नंबर आणि आयएमईआय (मोबाइल नेटवर्क टॅबला ज्या नंबरावरून ओळखतं तो) लिहून घेतोय. टॅबवर डायल करायची सोय असेल तर *#०६# दाबलं की आयएमईआय समोर येतो. आपल्या काही टॅबना ती सोय नाही, तिथे सेटिंगच्या तळाशी टॅबच्या माहितीत जाऊन शोधावा लागतो. १५ अंकी असतो आणि दोन सिमच्या टॅबला दोन असतात, दोन्ही लिहायचे. वायफायवाल्यांना आयएमईआय नसतोच, कारण तो मोबाइल नेटवर्कपुरता आहे. त्यांच्यासाठी सिरियल नंबर एवढाच आधार.

खोक्यांवर हे सगळं छापलेलं असतं, पण मागच्या वर्षीची खोकी जागा अडवतात म्हणून रद्दीत गेली. बिलं फाइलला आहेत. यापुढे खोकं फेकलं तरी त्यावरचं लेबल कापून ठेवायचं.

गुरुवार, २६ जून

प्रत्येक टॅबच्या पाठीवर कव्हरच्या आत पक्क्या शाईने 'वाचनपेटी', क्रमांक आणि ऑफिसचा फोन नंबर लिहिला. चिकटपट्टी पावसाळ्यात सुटते, म्हणून शाई.

सगळे टॅब एकाच गुगल खात्यावर चालू केले. वेगवेगळी २४ खाती सांभाळायला माणूस नाही. हरवलेला टॅब दुरून शोधायची गुगलची सोय 'फाइंड हब' (मे महिन्यापर्यंत जिला 'फाइंड माय डिव्हाइस' म्हणायचे ती) सगळ्यांवर चालू आहे, एवढं तपासलं.

सगळ्यांना एकच चार अंकी पिन ठेवला. दोन शाळांनी तो कव्हरवर लिहून द्या असं सांगितलं. मी नको म्हटलं. वहीत लिहा.

शिक्षकांनी सही करायचं हमीपत्र गेल्या वर्षीचंच काढलं. चौथं कलम: 'टॅब हरवल्यास किंवा चोरीस गेल्यास पूर्ण किंमत स्वीकारणाऱ्याकडून वसूल केली जाईल.' हे वाक्य मीच लिहिलेलं आहे. बदलायचं सुचलं नाही.

गुरुवार, ३ जुलै

पेट्या पोचल्या. राजूरच्या वर पाऊस थांबायचं नाव घेत नाही, भाताची रोपं तयार झालीत. डोंगराकडच्या शाळेत नेटवर्क फक्त ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात येतं, तिथे मुलांनी दगड मांडून ठेवलाय.

तीन शिक्षकांनी बॅटरी वाचवायला लोकेशन बंद केलं होतं. चालू करायला लावलं. पुन्हा बंद करतील, ते दिसतंच आहे.

मंगळवार, १५ जुलै

या वर्षातला सगळ्यांत चांगला निरोप आज आला. डोंगराकडच्या शाळेच्या मॅडमनी (कंत्राटी आहेत, अकोल्याहून रोज येऊन-जाऊन करतात) चौथीच्या मुलांना घरी आजीशी बोलायला लावलं आणि टॅब क्रमांक १७ वर रेकॉर्ड करायला शिकवलं. काळभात आणि रायभोग या भाताच्या गावठी जातींतला फरक आज्या कसा सांगतात, बियाणं कणगीत कसं राखतात, आणि जात्यावरच्या ओव्या. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाल्यापासून गावठी बियाण्याबद्दल बोलायला या भागातल्या बायका संकोचत नाहीत, असं मॅडमचं म्हणणं.

११ फाइल झाल्यात. दोन त्यांनी मला फोनवरून ऐकवल्या. एका ओवीत मागे जात्याची घरघर आणि मध्येच आजी मुलाला म्हणते, 'हात काढ बाळा.'

मी म्हटलं, वर चढवून ठेवू. अपलोड फक्त वायफायवर, असं मीच सेटिंग केलंय, रोजचा डेटा संपू नये म्हणून. शाळेत वायफाय नाही. पुढच्या फेरीला टॅब ऑफिसात आणू असं ठरलं.

बुधवार, ३० जुलै, रात्री

संध्याकाळी साडेसातला मॅडमचा फोन. 'दादा, एक सांगायचं होतं. रागावू नका.'

१७ क्रमांकाचा टॅब सोमवारी हरवला. सोमवार म्हणजे २८ तारीख, श्रावणातला पहिला सोमवार आणि दुसऱ्या दिवशी नागपंचमी. राजूरहून येणारी एसटी माहेरवाशिणींनी भरलेली. मॅडम उभ्या होत्या, कापडी पिशवी वरच्या रॅकवर ठेवली, अकोल्याला गर्दीत ढकलल्यासारख्या उतरल्या. पिशवीत टॅब, डबा आणि मुलांच्या वह्या. घरी गेल्यावर लक्षात आलं.

मी विचारलं, सोमवारीच का नाही सांगितलं? बराच वेळ फोनवर काही नाही. मग म्हणाल्या, मंगळवारी दुकानात जाऊन त्याच मॉडेलची किंमत विचारून आले. ११,४९९ रुपये. भावाकडून घेऊन नवा आणून ठेवणार होते. मग आठवलं, रेकॉर्डिंग त्याच्यात आहेत. ती कुठून आणू?

फोन ठेवल्यावर फाइंड हब उघडायला बसलो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर खातं नवं असल्याने गुगलने दुसऱ्या पायरीची खात्री मागितली आणि ती पाठवली त्याच खात्यावरच्या टॅबवर. दुरुस्तीला आलेला क्रमांक ९ टेबलावर होता म्हणून आत जाता आलं. तो नसता तर रात्री नऊला डोंगरातल्या कुणाला तरी पेटी उघडायला सांगावं लागलं असतं. या खात्याचे छापील बॅकअप कोड उद्याच काढून कपाटात ठेवायचे.

आत गेल्यावर यादीत २४ टॅब आणि नावं दोनच, दोन मॉडेलांची. मी नावं बदललीच नव्हती. प्रत्येकावर जाऊन माहितीच्या खुणेला हात लावून आयएमईआय नोंदवहीशी ताडत बसलो. १७ सापडायला पंचवीस मिनिटं गेली.

शेवटचा ठावठिकाणा: सोमवार, २८ जुलै, संध्याकाळी ६:५१. बॅटरी ३४ टक्के. ठिकाण अकोले-संगमनेर रस्ता.

मॅडम अकोल्याला सव्वासहाला उतरल्या होत्या. म्हणजे टॅब स्टँडवर कुणी हिसकला नाही, पिशवीतून काढला नाही. तो बसमध्येच राहिला आणि पुढे संगमनेरला निघाला. मॅडमना लगेच फोन करून सांगितलं. त्या दोन दिवस स्वतःला विचारत होत्या की स्टँडवर पिशवी खाली ठेवली होती का.

३४ टक्क्यांवर टॅब मंगळवारपर्यंत सहज जिवंत राहिला असेल. सोमवारी रात्री आवाज वाजवायचा हुकूम दिला असता तर टॅब गप्प ठेवलेला असला तरी पाच मिनिटं पूर्ण आवाजात वाजतो. बस डेपोत उभी असती. हे लिहून ठेवतोय ते मॅडमला दोष द्यायला नव्हे. त्या दोन दिवसांत त्यांच्यासमोर माझं चौथं कलम होतं.

आज रात्री केलेलं: दुरून कुलूप लावायचा हुकूम, सोबत पडद्यावर निरोप, 'हा टॅब शाळेतल्या मुलांचा आहे, कृपया या नंबरवर फोन करा.' टॅब बंद आहे, त्यामुळे हुकूम थांबून राहील आणि टॅब नेटला लागला की पोचेल. सगळं पुसून टाकायचा पर्यायही तिथेच आहे. पुसलं की ठावठिकाणा लागणं बंद होतं आणि रेकॉर्डिंगही जातात. दुसऱ्या बाजूला त्या टॅबमध्ये वाचनाच्या अॅपवर ३१ मुलांची नावं, इयत्ता आणि काहींचे फोटो आहेत. पिन अनोळखी माणसाला माहीत नाही, वही मॅडमच्या घरी आहे. आज पुसत नाही. आठवडाभराने पुन्हा विचार.

गुरुवार, ३१ जुलै

सकाळी मॅडमबरोबर एसटीच्या आगारात. पर्समध्ये सोमवारचं तिकीट निघालं, बायकांच्या अर्ध्या भाड्याचं. त्यावरून कोणती फेरी, कोणती गाडी ते वाहतूक नियंत्रकांना लगेच काढता आलं. वाहकाला फोन लावला. वाहकाच्या हाती काही आलेलं नव्हतं. सापडलेली वस्तू ते आगारात जमा करतात, वहीत नोंद होते, ती वहीही दाखवली. मंगळवारच्या पानावर एक छत्री आणि एक डबा. डबा मॅडमचा नव्हता.

तिकीट फेकू नये हे मी आज शिकलो.

मग पोलीस ठाणे. ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला तो बरोबर होता: चोरीला गेला की हरवला? चोरी म्हटलं तर गुन्हा नोंदवायचा, पंचनामा, तपास. हरवला म्हटलं तर गहाळ नोंद. नकाशावरचा टिंब बघून आम्ही 'बसमध्ये राहिला' असंच सांगितलं, कारण तेच खरं होतं. कुणावर तरी चोरीचा आळ घेऊन काम लवकर होईल असा सल्ला बाहेर एकाने दिला. तो घेतला नाही.

बिल, दोन्ही आयएमईआय, संस्थेचं पत्र, माझं ओळखपत्र. तासाभरात नोंदीची प्रत हातात. गहाळ वस्तूची नोंद पोलिसांच्या ऑनलाइन सेवेवरही करता येते, पण समोर बसून केल्यामुळे आयएमईआयचा एक चुकलेला आकडा तिथल्या तिथे सापडला. नोंदवहीत मी ८ च्या जागी ३ लिहिला होता. बिल नसतं तर चुकीच्याच नंबरावर अर्ज भरायला बसलो असतो.

दुपारी त्याच नंबरचं नवं सिम घेतलं. आयएमईआय बंद करायच्या अर्जात हरवलेल्या सिमवरच ओटीपी मागतात. नव्या सिमवर एसएमएस २४ तास येत नाहीत, तो नियमच आहे. म्हणजे आणखी एक दिवस.

शुक्रवार, १ ऑगस्ट

काही नाही. टॅब बंदच. पाऊस.

शनिवार, २ ऑगस्ट

एसएमएस सुरू झाले. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवर आयएमईआय बंद करायचा अर्ज भरला: दोन्ही आयएमईआय, कंपनी, मॉडेल, बिल, हरवल्याची जागा आणि तारीख, पोलिसांच्या नोंदीचा क्रमांक आणि प्रत, ओटीपी. शेवटी एक विनंती क्रमांक मिळतो. तो तीन ठिकाणी लिहिला, कारण टॅब परत सुरू करायला तोच लागतो.

यामागची यंत्रणा म्हणजे सीईआयआर, देशभरच्या आयएमईआयचं केंद्रीय रजिस्टर. महाराष्ट्रात त्याची चाचणी सप्टेंबर २०१९ पासून होती, देशभर सुरू झालं मे २०२३ मध्ये. अर्ज मान्य झाला की २४ तासांच्या आत भारतातल्या कुठल्याही कंपनीचं सिम त्या टॅबमध्ये चालत नाही. आणि कुणी घालून बघितलं तर त्याची खबर निघते, ती पोलिसांकडे जाते. मला वाटायचं बंद केल्यावर माग लागणार नाही. तसं नाही, तपासाला अडथळा येत नाही.

जे होत नाही ते पण लिहून ठेवतो, कारण संस्थेच्या समितीत विचारणार. वायफायवर टॅब चालत राहतो. आणि आपले जे दहा टॅब वायफायचेच आहेत त्यांना या रजिस्टरचा काडीचा उपयोग नाही. ते दहा आजपासून शाळेच्या कपाटाबाहेर घरी जाणार नाहीत. सहाही शाळांना फोन केले.

सोमवार, ४ ऑगस्ट

मॅडम शाळेत गेल्या. मुलांना सांगितलं. एका मुलीने विचारलं, 'आजीचा आवाज कुणाकडे आहे आता?'

मॅडमनी मला हे फोनवर सांगितलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बुधवार, ६ ऑगस्ट

दुपारी सव्वादोनला ऑफिसच्या फोनवर संगमनेरहून एक मोबाइल दुरुस्तीवाले. 'तुमचा वाचनपेटी १७ माझ्या दुकानात आहे. एक पोरगा घेऊन आला होता, लॉक काढून द्या म्हणाला.' कव्हर काढल्यावर मागचा नंबर दिसला म्हणून त्यांनी फोन केला. त्यांचे मी आज तीनदा आभार मानलेत, आणि तरी कमीच.

त्यांनी जे सांगितलं ते तांत्रिक नोंदीत तसंच घेतो. टॅब आला तेव्हा सिम नव्हतं, बॅटरी शून्य. चार्ज केला, पिन येईना, म्हणून बटणं दाबून फॅक्टरी रीसेट (सगळं पुसून टॅब कोरा करणं) मारला, ते धंद्यात रोज करतात. रीसेट झाल्यावर टॅब आधीचं गुगल खातं मागायला लागला आणि तिथेच अडला. ही सोय अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून आहे: बाहेरून रीसेट केला तर आधीच्या खात्याशिवाय टॅब उघडत नाही. आतून, सेटिंगमध्ये जाऊन, पिन टाकून रीसेट केला असता तर हे कुलूप लागलंच नसतं. कव्हरवर पिन लिहिलेला असता तर त्या मुलाने दोन मिनिटांत टॅब कोरा करून घेतला असता आणि दुकानापर्यंत यायची वेळच आली नसती.

माझा कुलपाचा हुकूम टॅबपर्यंत पोचलाच नाही. नेटला लागण्याआधीच रीसेट झाला. पडद्यावरचा निरोप कुणी वाचला नाही, सात रुपयांच्या मार्करची शाई वाचली.

रेकॉर्डिंग गेली. ११ च्या ११.

दुकानावर मी थेट गेलो नाही. पोलिसांना कळवलं, दुकानदारांनाही तसं सांगितलं, तेही हो म्हणाले. नकाशावर टिंब दिसो की पत्ता मिळो, एकट्याने जाऊन दार ठोठवायचं नाही, हा नियम आधी तोंडी होता, आज लेखी केला. समोर कोण आहे ते आपल्याला माहीत नसतं, आणि त्या टिंबाभोवती दिसणाऱ्या वर्तुळात दहा घरं बसतात.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

पोलीस ठाण्यात मॅडम, मी, दुकानदार, तो मुलगा आणि त्याचे वडील. मुलगा १७ वर्षांचा, शेवटच्या थांब्यावर उतरताना रॅकवर पिशवी दिसली. वह्या आणि डबा घरी तसाच ठेवला होता, आज घेऊन आला, वह्या वर्तमानपत्रात गुंडाळून. हवालदारांनी विचारलं, कंडक्टरला का नाही दिली? म्हणाला, देणार होतो, पण ते म्हणाले असते तू उघडलीस का, आत अजून काय होतं, ते कुठंय.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांनीच साहेबांना सांगितलं की आमची काही तक्रार नाही, पोराला शाळा बुडवून पुन्हा बोलवू नका. समज देऊन सोडलं. टॅब मिळाल्याची नोंद झाली, सही करून ताब्यात घेतला. चोरीचा गुन्हा असता तर तो मुद्देमाल ठरला असता आणि सोडवायला कोर्टाचा हुकूम लागला असता.

परतताना राजूरकडच्या गाड्यांवर उद्याच्या आदिवासी दिनाचे झेंडे लागलेले होते.

सोमवार, ११ ऑगस्ट

सापडल्याचं पोलिसांनी कळवल्यावर पोर्टलवर विनंती क्रमांक घालून आयएमईआय सुरू करायचा अर्ज. टॅबमध्ये आपलं खातं घालून उघडला. साठवण पूर्ण कोरी. फाइल परत मिळवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं. आजच्या अँड्रॉइडमध्ये साठवण एन्क्रिप्ट केलेली असते, रीसेटमध्ये तिची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे प्रयत्नालाही अर्थ नाही असं त्याने स्पष्ट सांगितलं. मुलांची नावं आणि फोटो दुसऱ्याच्या हाती गेले नाहीत ते याच कारणाने. आज्यांचे आवाज गेले तेही.

बुधवार, १३ ऑगस्ट: समितीची बैठक

चौथं कलम काढायचा ठराव मांडला. सगळ्यांत जास्त वेळ यावरच गेला.

अध्यक्षांचं म्हणणं: 'भरपाईची भीती नसली तर वस्तू सांभाळणार कोण? लोकांच्या देणगीचा पैसा आहे.' प्रश्न प्रामाणिक होता आणि मला त्याचं उत्तर द्यायचं होतं. मी नोंदी वाचून दाखवल्या. सोमवारी ६:५१ ला टॅबचा ठावठिकाणा होता, बॅटरी ३४ टक्के होती. त्याच वेळी मॅडम घरी बसून बिलाचा हिशेब करत होत्या. त्यांच्या पगारातून ११,४९९ वजा केले की महिन्याचं काय होतं ते समितीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्या माणसाला पहिल्या तासात फोन करायचाय त्यालाच आपण घाबरवून ठेवलंय. टॅब त्यांच्या निष्काळजीपणाने गेला असं धरलं, तरी तो परत मिळायची संधी माझ्या वाक्याने घालवली.

कोषाध्यक्षांनी मध्ये विचारलं, 'आणि मुद्दाम कुणी घालवला तर?' त्याला कायदा आहे, हमीपत्र लागत नाही.

ठरलं ते असं. वसुलीचं कलम रद्द, मागच्या वर्षीच्या सह्यांनाही लागू. त्याजागी एकच ओळ: 'टॅब दिसेनासा झाला की त्याच दिवशी, रात्री कितीही वाजता, फोन करा. पैसे मागितले जाणार नाहीत.' दर वर्षी दोन टॅबची किंमत हरवणूक म्हणून अंदाजपत्रकात बाजूला. अध्यक्षांनी शेवटी सही केली आणि एक सूचना जोडली जी माझ्याकडून राहिली होती: रात्री फोन उचलणाऱ्या दोन माणसांचे नंबर, एकाचा नको. दुसरा त्यांनी स्वतःचा दिला.

१८ ते २१ ऑगस्ट

सगळे २४ टॅब गोळा करून नव्याने बसवले. पोळा शुक्रवारी, त्याआधी परत पोचवायचे होते, म्हणून रात्री दहापर्यंत काम.

पद्धत: टॅब कोरा करायचा, सुरुवातीच्या स्वागताच्या पडद्यावर एकाच जागी सहा वेळा टॅप करायचं, की क्यूआर कोड वाचायला कॅमेरा उघडतो. आपल्या व्यवस्थापन प्रणालीचा (सगळे टॅब दुरून सांभाळायची सोय) कोड दाखवला की टॅब संस्थेच्या ताब्यात जातो. आता सेटिंगमधून रीसेट करता येत नाही, लोकेशन बंद करता येत नाही, आणि बाहेरून रीसेट मारला तर संस्थेचंच खातं मागतो. नेटला लागला की दुरून कुलूप. वायफायच्या दहा टॅबना पहिल्यांदाच खरं संरक्षण मिळालं. टॅब बंद ठेवला तर यातलं काहीच चालत नाही, हेही शिक्षकांना सांगितलंय.

प्रत्येक टॅबला आपला क्रमांक हेच नाव. पिन वेगवेगळे. अॅपमध्ये मुलांची नावं काढून हजेरी क्रमांक घातले, फोटो काढून प्राण्यांची चित्रं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची सगळी मुलं येतात, त्यांच्या माहितीला पालकांची संमती घ्यायची तरतूद त्यात आहे. पण कायदा नसता तरी वाचनाच्या अॅपला पोराच्या नावाची गरज नव्हती. मी ती घातली होती कारण रकाना रिकामा दिसत होता.

एक जागा अडली. चालू पण नेट नसलेला टॅब आजूबाजूच्या अँड्रॉइड फोनच्या मदतीने सापडावा अशी फाइंड हबची सोय आहे. मूळ सेटिंग 'फक्त वर्दळीच्या ठिकाणी' असं असतं, म्हणजे बऱ्याच फोनांनी टॅब पाहिला तरच ठिकाण कळतं. डोंगराकडच्या रस्त्याने तासाला एक मोटारसायकल जाते. ज्या टॅबांवर करता आलं तिथे 'सर्व ठिकाणी' केलं. जुन्या आठ टॅबना ही सोय मिळालीच नाही.

अपलोड: फक्त वायफाय हे काढलं. आवाजाच्या फाइली मोबाइल डेटावर लगेच जातील, व्हिडिओ नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

गणपतीनंतरची पहिली फेरी. डोंगराकडच्या शाळेत चौथीच्या मुलांनी आज्यांकडे पुन्हा जायला सुरुवात केली. बियाण्याच्या गोष्टी परत मिळाल्या, काही आधीपेक्षा सविस्तर. ओव्यांचं तसं नाही. एक आजी मुलीला म्हणाली, 'अशी बसून नाही गं येत. जातं फिरलं की येते.'

जातं आता वापरात नाही. त्या दिवशी नागलीचं थोडं पीठ हवं होतं म्हणून बसल्या होत्या, तेवढंच.

मंगळवार, २३ सप्टेंबर

दुसऱ्या एका शाळेतून रात्री पावणेदहाला फोन. क्रमांक ४ दिसत नाही. सरांचा आवाज घाईचा होता, घाबरलेला नव्हता. आवाज वाजवायचा हुकूम दिला. शाळेशेजारच्या घरातल्यांनी ऐकला. कपाटात नकाशांच्या गुंडाळीमागे. एकूण ११ मिनिटं.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

मॅडमबरोबर वर गेलो. मुलांनी जातं पडवीत आणून धुऊन ठेवलं होतं, खुंटा नवा ठोकला होता. थोडी नागली एकीने आणली, थोडी दुसरीने. आजी बसल्या, पहिल्या दोन फेऱ्यांत काही नाही, नुसती घरघर. तिसऱ्या फेरीला सुरू झाल्या. मुलगी टॅब क्रमांक १७ मांडीवर घेऊन बसली होती, हात जात्यापासून लांब.

चार ओव्या झाल्या. जुलैमधली ती नव्हती, मॅडमना ती पाठ होती म्हणून कळलं. आजींना विचारलं तर म्हणाल्या, ती कुठली? कितीतरी असतात.

ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात आज नेटवर्क नव्हतं. टॅब पिशवीत, पिशवी मॅडमच्या खांद्याला. राजूरच्या स्टँडवर सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी टॅब बाहेर काढून हातात धरला. चारही फाइली वर गेल्या, मी ऑफिसच्या खात्यावर उघडून शेवटपर्यंत ऐकल्या. मग अकोल्याची गाडी लागली.